पाचवीचा पाटा

साताऱ्याच्या मोटारस्टँडवर ड्रायव्हरने माझं सामान पाहिलं. ट्रंक, वळकटी आणि पुस्तकांची पेटी इथवर त्याची काही तक्रार नव्हती. पाटा पाहून मात्र तो थांबला. सांगलीकडं दगड मिळत न्हाईत व्हय बाई, असं त्याने विचारलं, आणि टपावर चढलेल्या क्लीनरला सांगितलं की, जपून ठेव रं, फुटला तर बाई रडतील. मोटारीतले लोक हसले. मी खिडकीशी बसून राहिले.

तो पाटा मला न्यायचा नव्हता. जाऊबाईंनी तो दाराबाहेर आणून ठेवला आणि तुझा तू घेऊन जा म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या. त्या माझ्याशी कधी रागाने बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे मला त्यांच्याशी कधी भांडताही आलं नाही.

त्याची हकीकत थोडक्यात सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. माझे यजमान शाळामास्तर होते. मला सातवा महिना असताना ते विषमज्वराने गेले. मग मुलगी झाली. आमच्याकडे मूल जन्मलं की पाचव्या दिवशी दिवेलागणीला पाटा-वरवंटा मांडून पूजा करतात. सटवाई त्या रात्री येते आणि बाळाचं नशीब लिहिते. म्हणून पाट्यापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, आणि दिवा विझू द्यायचा नाही. माझे वडील शिकलेले होते, त्यांनी मला शिकवलं होतं, आणि सटवाई येते की नाही याबद्दल माझं मत तेव्हाही ठरलेलं होतं. पण म्हणून मी पाचवीची वाट पाहत नव्हते असं नाही. आदल्या दिवशीच जाऊबाईंनी पाटा घासूनपुसून भिंतीला टेकवून ठेवला होता. पाचव्या दिवशी सकाळीच मुलगी गेली.

त्या पाट्यावर मग घरात कुणी वाटलं नाही. मी नर्सच्या कोर्सला जाऊन परत येईपर्यंत तो मागच्या पडवीत पोत्याखाली होता.

नोकरी मिळाली ती कृष्णेकाठच्या एका गावात. मोटारीने आष्ट्याच्याही पुढे जावं लागे. तिथल्या नगरपालिकेने एका दानशूर माणसाच्या पैशातून प्रसूतिगृह बांधलं होतं. बांधकाम चांगलं होतं. मोठ्या खिडक्या, शहाबादी फरशी आणि आठ लोखंडी खाटा. मागच्या बाजूला न्हाणीघर, आणि त्याला लागून माझी खोली. एक दार, एक खिडकी, एक फळी. फळीवर पुस्तकं लावली तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदाच मला वाटलं की आपण कुणाच्या घरात नाही. पाटा-वरवंटा मी खाटेखाली सरकवला. मी एकटीसाठी चटणी वाटत नसे. विकत घेतलेलं तिखट पुरे होई.

प्रसूतिगृहात आम्ही तिघी होतो. डॉक्टरीणबाई वसईकडच्या, ख्रिस्ती. कामाला चोख आणि बोलायला अगदी कमी. दुसऱ्या आयाबाई, गावातल्याच, पन्नाशीच्या. तिसरी मी. लढाईचे दिवस होते. औषधं वेळेवर येत नसत, कापूस पुरवून वापरावा लागे, पण आमची अडचण ती नव्हती. आमची अडचण अशी होती की खाटा रिकाम्या राहत.

बायका येतच नसत असं नाही. अडलेली बाई बैलगाडीतून आणत. डॉक्टरीणबाई तिला सोडवत, आणि हात चांगला असल्यामुळे बहुधा मायलेकरं दोन्ही वाचत. मग चौथ्या दिवशी बाई नाहीशी होई. नियम दहा दिवसांचा होता. टाके असोत, ताप असो, चौथा दिवस मावळायच्या आत घरची गाडी येई, आणि पुढच्या दाराने अडवलं तर न्हाणीघराच्या बाजूने बाळंतीण आणि गुंडाळलेलं बाळ माझ्या खिडकीवरून जात. मी खोलीत असले तर त्या मान खाली घालत. मीही घाले. त्यातल्या काही पुन्हा आल्या त्या अंगात ताप मुरवून, आणि एकदोघी आल्याच नाहीत, त्यांची नुसती बातमी आली.

दवाखाना कमिटीचे अध्यक्ष गुळाचे व्यापारी होते. महिन्यातून एकदा ते येत, चपला न काढता उंबऱ्यात उभे राहत आणि खाटांवरून नजर फिरवत. एकदा म्हणाले, खाटा अजून नव्याच दिसतात, लग्नसराईत भाड्याने द्याव्या काय? त्यांना औषधांचं, टाक्यांचं, वाचलेल्या बायकांचं सांगून उपयोग नसे. किती खाटा भरल्या एवढंच ते बघत. दिवाळीनंतर त्यांनी स्पष्टच सांगितलं की गुढीपाडव्यापर्यंत असंच राहिलं तर इमारत मुलांच्या शाळेला देऊ, शाळेत निदान पोरं तरी बसतात. शाळा झाली तर डॉक्टरीणबाईंना मुंबई होती. आयाबाईंना घर होतं. मला जाऊबाईंची मागची पडवी होती.

त्या हिवाळ्यात आमचं आपसातलं बोलणं फार वाईट झालं. म्हणजे बंदच झालं. डॉक्टरीणबाईंची खोली माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, पण कुणी बाई निघून गेली की त्या चिठ्ठी पाठवत: खुलासा करावा. मी खुलासा करी की मी त्या वेळी कापूस उकळत होते, दाराशी आयाबाई होत्या. मग आयाबाईंना चिठ्ठी जाई. त्यांना वाचता येत नसे, म्हणून ती त्या माझ्याकडेच आणत, आणि त्यांच्याविरुद्धचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवी. त्या ऐकून घेत आणि म्हणत, बरं लिवलंय. दुपारी आम्ही तिघी तीन ठिकाणी जेवत असू.

डॉक्टरीणबाईंनी उपाय पुष्कळ केले. अन्नामुळे बायका थांबत नसतील म्हणून घरचा डबा येऊ दिला. रोज दूध सुरू केलं. नवऱ्याकडून अंगठा घेतला की दहा दिवस नेणार नाही. अंगठे उठले आणि चौथ्या दिवशी गाड्याही आल्या. शेवटी न्हाणीघराच्या दाराला कुलूप लावलं. त्यानंतर एका बाईला खिडकीतून काढून नेलं.

आज हे लिहिताना मला सर्वांत नवल याचं वाटतं की कारण आयाबाईंना माहीत होतं, मला माहीत होतं, गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पाचवी घरी व्हायला हवी होती. लोखंडी खाटांच्या खोलीत सटवाई कुठे येणार? हे डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक असणार आणि ठाऊक असूनच त्या मना करत आहेत, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या पहिल्याच आठवड्यात आयाबाईंना म्हणाल्या होत्या की इथं जुन्या चालीरीती चालायच्या नाहीत. ते धुरीबद्दल होतं. आयाबाई बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवत होत्या. पण आयाबाईंनी ते वाक्य सगळ्यालाच लावून घेतलं. आणि मी? पाचवी हा शब्द ओठांवर आला की मला भिंतीला टेकवलेला पाटा दिसे. मी दुसरं काही बोले.

पौषात शिराळ्याकडची एक बाई आली. पहिलटकरीण होती, नवरा पलटणीत, समुद्रापलीकडे. मुलगा झाला, पण फार फाटलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरीणबाई तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसल्या. एरवी त्या बसत नसत. चौथ्या दिवशी दुपारी सासू गाडी घेऊन आली.

म्हातारी उंच होती, उन्हाने रापलेली, आणि मिश्रीने दात काळे झालेले. तिने गाडीत गवत अंथरून वर गोधडी घातली होती, आणि गोधडीच्या कडेला विटा लावल्या होत्या, सून घरंगळू नये म्हणून. ते पाहून मला तिचा राग येईना. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं की या गाडीत ही बाई घरापर्यंत पोचणार नाही. म्हातारी म्हणाली की मला कळतंय, डोळं हाईत मला. मग नेतेस कशाला, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज कधी नव्हे तो चढला होता.

"आवं बाई, उद्या पाचवी हाय," म्हातारी म्हणाली. "माझा ल्योक तिकडं लढाईत. त्येच्या पोराच्या कपाळावर काय लिवायचं ऱ्हायलं तर मी त्येला काय सांगू? हितं सटवाई कशी यील? हितं पाटा तरी हाय का?"

"पाटा कशाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

त्यांनी हे खरोखर विचारलं होतं. आयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर ते फार सोपं होतं: पाचवा दिवस, दिवा, कागद, लेखणी. सगळं सांगायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. मग खाली बसल्या, दाराच्या पायरीवरच.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "मग इथं करा की. कोण नको म्हणतंय?"

म्हातारीने बैल सोडायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आयाबाई पाट्यासाठी गावभर फिरल्या. कुणी देईना. पाटा द्यायला कुणाची ना नव्हती, पण बाळंतिणीच्या खोलीत गेलेला दगड दहा दिवस विटाळात. तोवर घरात वाटण कशावर करायचं? आणि परक्याच्या सोयरातला दगड मग चुलीपाशी घ्यायचा तरी कसा? लोकांचं चुकलं असं मला वाटत नाही. आयाबाई हात हलवत परत आल्या, आणि म्हातारी उठून गाडीवानाला शोधायला निघाली.

मला तेव्हा पाडवा दिसत होता, शाळेची पोरं दिसत होती, माझी फळी दिसत होती. आणि आतल्या खाटेवरचा तो खोल गेलेला श्वास ऐकू येत होता. माझ्या खाटेखाली पाटा होता. गुपचूप आणून मांडला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण ज्या दगडाला माझ्या स्वतःच्या जाऊबाई घाबरल्या, तो दुसरीच्या लेकरापुढे न सांगता ठेवणं मला जमेना.

मी म्हातारीला गाठून खोलीत आणलं, खाटेखालून पाटा ओढून काढला आणि तिला सगळं सांगितलं. यजमान गेले ते, मुलगी झाली ते, पाटा धुऊन ठेवला होता ते.

ती पाट्याजवळ उकिडवी बसली. तिने त्याला हात लावला नाही. विचारलं, पोर कितव्या दिवशी गेली? मी सांगितलं. तिने विचारलं, पूजा झालीच न्हाई म्हंता? मी नाही म्हटलं. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. गाडीवान जू चढवायच्या तयारीत असावा.

"मग हितं सटवाई यायची ऱ्हायलीच हाय की," म्हातारी म्हणाली. "बोलवलेली बाई. पाट मांडला आन् उठवला. ती वाट बघत आसंल." आणि गुडघ्यावर हात टेकून उठताना म्हणाली, "उचला. तुमच्या पोरीचा बी कागुद मांडू. एका दिव्यात दोघांचं हुतंय."

कागदाचीही एक भानगड झाली. डॉक्टरीणबाईंनी आपल्या औषधाच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातला एक कागद काढून दिला. त्यावर वर नगरपालिकेचं नाव छापलेलं होतं. म्हातारीने तो उलटसुलट केला आणि परत दिला. "ह्येच्यावर आदीच काय तरी लिवलंय. आदी लिवलेलं नगं, बाई." डॉक्टरीणबाईंना हसू आलं. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं. लढाईमुळे दुकानात कोरा कागद मिळत नव्हता. मी खोलीत जाऊन फळीवरचं एक पुस्तक काढलं. त्याचं पहिलं आणि शेवटचं पान कोरं होतं. पुस्तकाचं पान मी त्याआधी कधी फाडलं नव्हतं, नंतरही नाही.

दिवेलागणीला पूजा झाली. म्हातारीने मला मागे उभं राहू दिलं नाही, पाट्यासमोर बसवलं. मी विधवा आहे हे तिला दिसत होतं. आयाबाईंनी तिला डोळ्यांनी खुणावलंही. म्हातारी म्हणाली की मला दिसतंय गं, पर आई हाय न्हवं ती. हळद-कुंकू पाट्याला वाहिलं, एक कागद वरवंट्याच्या उजवीकडे, एक डावीकडे. डॉक्टरीणबाई लांब, रिकाम्या खाटेच्या कडेवर बसून पाहत होत्या. सून तापातही मान वळवून बघत होती. मला सांगायला हवं की मला काही वाटलं नाही. म्हणजे जे वाटायला हवं असं इतकी वर्षं धरून चालले होते, ते वाटलं नाही. दिव्यात तेल आहे ना एवढंच मी पुन्हा पुन्हा बघत होते.

सकाळी म्हातारीने एक कागद घडी करून बाळाच्या दुपट्यात खोवला आणि दुसरा माझ्या हातात दिला. दोन्ही कोरेच होते. सगळ्यांचेच कोरे असतात.

सुनेचा ताप सातव्या दिवशी उतरला. ती पुरे दहा दिवस राहिली. प्रसूतिगृह उघडल्यापासून दहा दिवस राहिलेली ती पहिलीच बाई. म्हातारीने जाताना गावोगाव काय सांगितलं असेल ते असो, पण माघ लागला तेव्हा चार खाटा भरल्या होत्या आणि चौथ्या दिवशी कुणाची गाडी येईना. मुसलमान घरांतल्या बायकाही थांबू लागल्या. त्यांची सहाव्या दिवशी छटी होई, आणि बागवानांकडची एक म्हातारी पाटा बाजूला सरकवून तिथेच आपली दस्तरखानाची चादर अंथरी. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठ्या बंद केल्या. दुपारी त्या डबा घेऊन आमच्यात येऊन बसत. बोलत नसतच, पण बसत.

पाडव्याच्या आधी अध्यक्ष आले. यावेळी खाटा मोजायची गरज नव्हती, एकही रिकामी नव्हती. ते जरा निराश झाल्यासारखे वाटले. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या पाट्यावर गेली. त्यांनी विचारलं की हा कुणाचा? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रसूतिगृहाचा. अध्यक्ष म्हणाले की मग जंगम मालात दाखवला पाहिजे, पालिकेच्या इमारतीत बिननोंदीची वस्तू राहता कामा नये. एवढं बोलायला मिळाल्यावर त्यांचं समाधान झालं. पुढल्या आठवड्यात पालिकेचा रंगारी आला आणि खाटांवर, बादल्यांवर असतो तसा तांबड्या तेली रंगाने पाट्याच्या कडेवर नंबर घालून गेला. वरवंट्यावरही घातला.

शाळेचं नाव पुन्हा निघालं नाही. माझी खोली राहिली.

त्यानंतर तिथे पाचव्या फार झाल्या. मी मात्र त्यांत नसे. कुणी कठोरपणे सांगितलं असं नाही. बाळंतिणीची आई किंवा सासू जवळ येई आणि हळूच म्हणे, बाई, तुमी दमला असाल, जरा बसा जावा खोलीत. पहिल्यांदा मला कळलं नाही, मी दमले नाही म्हटलं. मग कळलं. सवाष्णी पूजा करत, आयाबाई पाटा मांडत, आणि मी दिवेलागणीच्या आधीच कापूस, गरम पाणी, सगळं हाताशी ठेवून खोलीत येई. डॉक्टरीणबाई एकदोनदा त्या बायकांना बोलायला निघाल्या होत्या. मीच नको म्हटलं. बोलून ती बाई मला आत घेईल, पण तिचा जीव थाऱ्यावर राहणार नाही, आणि बाळंतिणीला ताप असताना तेवढं मला परवडणार नव्हतं.

तो पाटा माझ्या खाटेखाली होता तेव्हा मी त्याच्याकडे पाहत नसे. आता तो भिंतीपलीकडे होता आणि त्याच्यावर वाहिलेल्या हळदीचा वास खिडकीतून येई. बायका गाणी म्हणत. मी कंदील पुढे ओढून पुस्तक उघडी. बहुधा तेच पुस्तक निघे, पहिलं आणि शेवटचं पान नसलेलं. त्यातून घडी केलेला कागद खाली पडे. तो उचलून मी पुन्हा आत ठेवी, आणि पलीकडचं गाणं संपेपर्यंत वाचत बसे.